तात्पर्य आधी, प्राणी नंतर

कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात एक तरी बालसाहित्यिक असतोच. गाव त्याला ‘सर’ म्हणतं, कारण उभी हयात त्याने शाळेत घालवलेली असते. मुलांसाठी का लिहिता, असं विचारलं तर सर संस्कारांविषयी बराच वेळ बोलतात. खरं कारण वेगळं आहे. मोठ्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या कविता पुण्यामुंबईहून साभार परत येत राहिल्या. मग एकदा त्यातलीच एक कविता ‘प्रिये’च्या जागी ‘चिऊताई’ घालून पाठवली, तर ती छापून आली. त्याच दिवशी सरांनी प्रौढ वाङ्मयाला रामराम ठोकला.

सर गोष्ट लिहितात ती शेवटाकडून. आधी तात्पर्य ठरतं, मग त्याला साजेसा प्राणी शोधायचा. त्यासाठी एक उभी हिशेबाची वही आहे. डावीकडे सद्गुण, उजवीकडे प्राणी. इमानदारी कुत्र्याकडे, एकी कबुतरांकडे, लबाडीचं खातं पूर्वापार कोल्ह्याकडे. तिथे बदली नाही. उद्योगीपणा मुंगीकडे असल्यामुळे सरांच्या वाङ्मयात मुंगीला किरकोळ रजासुद्धा मिळत नाही. एकाच प्राण्यासमोरचा रकाना वर्षानुवर्षं कोरा होता : खवल्या मांजर. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं जनावर बालवाङ्मयात नसावं याची सरांना खंत. पण त्याच्याकडून शिकायचं काय? संकट दिसलं की ते अंगाचा गोळा करून गप्प पडून राहतं. सरांनी नोकरीत प्रत्येक हेडमास्तरांपुढे हेच केलं, पण मुलांना ते उघडपणे कसं सांगणार? तोंडात दात नाहीत आणि जीभ भलतीच लांब, यातूनही सद्गुण निघेना. शिवाय खातं काय, तर मुंग्या आणि वाळवी! म्हणजे उद्योगीपणाच फस्त.

सरांची पुस्तकं दोन फर्म्यांची, म्हणजे बत्तीस पानांची असतात. खर्च सरांचा, नाव प्रकाशकाचं. चित्रं काढणारा त्यांचाच माजी विद्यार्थी. तो एरवी दुकानांच्या पाट्या रंगवतो, त्यामुळे त्याचा ससा थोडा उपाहारगृहाच्या मालकासारखा दिसतो. छापलेल्या प्रती सरांच्या पलंगाखाली मुक्कामाला येतात. पुस्तक शासनमान्य ग्रंथांच्या यादीत गेलं तर त्या हलणार, आणि कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या खरेदीत बसलं तर वहिनींना पलंगाखाली केर काढता येणार. यादीतून वाचनालय, वाचनालयातून कुलूपबंद कपाट. या वाटेवर मूल कुठे भेटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे सरांचं काही अडतही नाही. मुलं गोंगाट करतात, हे त्यांचं जुनं मत.

पूर्वसूरींविषयी मात्र सर अधिकाराने बोलतात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात चारपाच रात्रींत लिहून काढली, हे सांगताना त्यांच्या सुरात आदराहून हेवाच जास्त असतो. ‘आम्हाला कुठला हो तुरुंग?’ म्हणून त्यांनी एका मे महिन्यात माडीवर स्वतःला कोंडून घेतलं. पण खाली आमरस झाला आणि सर सुटून आले. विंदा करंदीकरांच्या ज्ञानपीठात निम्मा वाटा ‘आपल्या खात्याचा’ आहे, असं ते धरून चालतात. ‘राणीची बाग’ आपल्याच खात्यातली ना! अडचण होते ती भा. रा. भागवतांची. फुरसुंगीचा तो फास्टर फेणे वडीलधाऱ्यांना न विचारता सायकलवरून चोरांच्या मागे लागतो आणि शेवटी कुणी त्याला बोध करत नाही, म्हणून सरांचा त्या पोरावर राग. वाचनालयाच्या देवघेव वहीत मात्र फास्टर फेण्यांपुढे सर्वांत जास्त वेळा सरांचीच सही सापडते.

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला, तेव्हा सरांनी नवीन कोट शिवला. कोट अजून नवीनच आहे. तो वर्षातून एकदा, १४ नोव्हेंबरला, बालदिनाच्या प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर निघतो. गेल्या बालदिनी सरांनी स्वच्छतेची गोष्ट सांगितली आणि विचारलं, ‘मग मुलांनो, आपण काय शिकलो?’ अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, ‘एकीचं बळ!’ मागच्या गोष्टीचं उत्तर तेच होतं, मुलं कशाला बदलतील? सर शाल-श्रीफळाकडे वळणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक किडकिडीत मुलगा उभा राहिला.

‘सर, आमच्या काजूत खवल्या मांजर आलेलं. बाबांनी फोन केला, मग वनखात्यावाले घेऊन गेले.’

‘छान. भूतदया.’

‘तसं नाही सर. पुढे त्याचं काय झालं?’

सरांना उत्तर येईना. घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री त्यांनी उभी वही बाजूला सारली आणि आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सुरुवातीपासून लिहायला घेतली : गाडीच्या मागच्या पिंजऱ्यात गोळा होऊन बसलेलं मांजर, घाटात झालेलं पंक्चर, शिपायाच्या डब्याला लागलेल्या मुंग्या आणि पिंजऱ्यातून हळूच बाहेर आलेली लांबच लांब जीभ. मला विचाराल तर सरांचं एवढंच लेखन मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदाही हसलो. ती गोष्ट एका बालमासिकाने एक शब्दही न बदलता छापली.

अंक हाती पडल्यावर सरांच्या लक्षात आलं की शेवटी तात्पर्यच नाही. रात्रीच्या भरात राहून गेलं होतं! ते तसेच वाचनालयात गेले, टेबलावरचा अंक उघडला आणि गोष्टीखाली निळ्या बॉलपेनने ठळक लिहिलं, ‘तात्पर्य : वनखात्याचा १९२६ हा नंबर पाठ असावा.’ ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून हे सगळं पाहिलं आणि अंक खराब केल्याबद्दल नियमाप्रमाणे पाच रुपये दंड सांगितला. सरांनी तो मुकाट्याने भरला, पण पावती मागून घेतली, आणि पावतीवर ‘दंड’ खोडून ‘प्रकाशन खर्च’ लिहा म्हणून ते बाईंशी अर्धा तास वाद घालत होते.