कुणाचा रं तू?

व्यवसायात माणसाने अस्सल कसं असावं, हे शिकवणारे तज्ज्ञ हल्ली मिळतात. पुण्यातल्या एका हॉटेलात अशाच एका शिबिराला मी गेलो होतो. "मुखवटे उतरवा!" असं वक्ता तासभर सांगत होता. एसी बंद पडला होता, तरी त्याने स्वतःचा कोट मात्र उतरवला नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहा, बोलताना त्याचं नाव तीनदा घ्या, मुलाबाळांची चौकशी करा आणि हे सगळं उत्स्फूर्त वाटलं पाहिजे, म्हणून घरी आरशासमोर सराव करा, असा एकूण उपदेश होता. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या गृहस्थांनी माझ्या मुलांची चौकशी केली, मी त्यांच्या मुलांची केली. कुणाचं पोर कितवीत आहे ते दोघांनीही ऐकलं नाही. तिसऱ्यांदा नाव कुठे घुसवायचं या विवंचनेत दोघेही होतो.

माझं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात ठिबकच्या सामानाचं आणि शेतीच्या औषधांचं दुकान आहे. इथं असं शिबिर भरवलं तर वक्त्याची पंचाईत होईल. माईक हातात घेण्याआधीच कुणीतरी विचारील, "कुणाचा रं तू?"

या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय कोरेगावात व्यवहाराला तोंड फुटत नाही. तुम्ही म्हणावं, ल्हासुर्ण्याचा. "मग आजोळ किन्हईचं का?" हो म्हणालात की संपलं. बँकेची केवायसी आधार कार्डापाशी थांबते, इथली आजोळ, भावकी आणि सोयरीक करत पार बहात्तरच्या दुष्काळापर्यंत जाते. "तुझ्या आज्ज्यानं आमची कडब्याची गाडी न्हेली हुती तवा," असं समोरचा शांतपणे सांगतो. ती परत आली की नाही, यावर तुम्हाला आज पाइप उधार मिळणार की नाही हे ठरतं.

आमच्याकडच्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंगावर वाघासारखे तांबूस पट्टे असलेला हा दाणा कुठल्या मातीतला, ते आता सरकारदरबारी नोंदलं गेलंय. माणसांना असलं मानांकन इथं पूर्वापार आहे. फक्त त्याचा कागद मिळत नाही आणि ते रद्द करायला पारावरची चार माणसं पुरतात.

याचा अर्थ कोरेगावकर सगळे हरिश्चंद्राचे अवतार आहेत, असा कुणी घेऊ नये. आल्याचा सौदा एकदा बघावा. आमच्याकडे आल्याचा दर किलोवर नाही, गाडीवर बोलतात. गाडी म्हणजे 500 किलो. व्यापारी बांधावर येतो, वाफ्यातला एक गड्डा उपटतो, माती झटकतो, त्याचं एक बोट कडकन मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो. माल एक नंबर असतो. त्याबरोबर व्यापाऱ्याचा चेहरा सुतकी होतो. "माल बरा हाय मालक, पण बाजार लई पडलाय." शेतकरी आभाळाकडे बघत म्हणतो, "मला कुठं द्यायचंय? औंदा समदं बेण्यालाच ठेवणार." दोघेही धडधडीत खोटं बोलत असतात, समोरचा खोटं बोलतोय हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि चहा होईस्तोवर हे असंच चालावं अशी दोघांचीही अपेक्षा असते. पहिल्याच दमात खरा आकडा सांगणाऱ्याकडे उलट लोक संशयाने बघतात. याच्या मालात काहीतरी काळंबेरं असणार!

पण दर ठरला की नाटक संपलं. वजन कुणाच्या काट्यावर, माल सरसकट उचलणार की निवडून, जुनं आणि नवं आलं एकाच भावात की वेगळं, इथं जो शब्द फिरवील त्याची खैर नाही. सरसकट खरेदीवरून या जिल्ह्यात आंदोलनं झालीत. तोंडाने कितीही थापा मारा, काट्याने मारायच्या नाहीत, एवढी साधी घटना आहे आमची. कारण काटा मारलेला माणूस पुढच्या आठवडी बाजारात भेटतोच, आणि नाही भेटला तर लग्नात शेजारच्या पाटावर बसतो.

भरवशाची एक जुनी गोष्ट आमच्या शेजारचीच आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर आमच्या खाली, सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलं. 1910 ची ही गोष्ट. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवलं जातं, असं शेतकरी मानत होते तो काळ. अशा नांगरवाल्याला राजाने जमीन द्यावी, ती कशाच्या भरवशावर? लक्ष्मणराव औंधात बांधकाम करत होते आणि ते काम राजेसाहेबांच्या डोळ्यांसमोर होतं. लक्ष्मणरावांनी राजेसाहेबांचं नाव तीनदा घेतल्याचं किंवा मुलाबाळांची चौकशी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मध्यंतरी आमच्याकडे एका औषध कंपनीचा नवा प्रतिनिधी आला. पोरगं विदर्भातलं, भर उन्हात टाय लावलेलं. दुकानात तात्या बसले होते. आल्याचे जुने बागायतदार, माझ्याकडचे कायमचे गिऱ्हाईक आणि बिनपगारी सल्लागार. पोरगं वाकून म्हणालं, "सर, मला फक्त औषध विकायचं नाही. मला तुमच्याशी नातं जोडायचंय."

तात्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "शेती किती हाय?"

पोरगं गोंधळलं. आजोळ चंद्रपूरकडचं निघाल्यामुळे तात्यांचाही तपास तिथंच अडला. तरी कंदकुजीवरच्या औषधाच्या दोन बाटल्या त्यांनी घेतल्या, अर्थात माझ्या खात्यावर.

भर पावसाळ्यात ते पोरगं परत आलं. टाय नव्हता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. ते आधी तात्यांच्या रानात जाऊन आलं होतं. म्हणालं, "तात्या, आणखी औषध घेऊ नका. वाफ्यात पाणी साठतंय. आधी चर काढून निचरा करा, नाहीतर बाटलीमागून बाटली ओताल आणि गड्डे कुजतच राहतील." मी काउंटरमागे कपाळाला हात लावला. कपाटात त्याच औषधाचा आख्खा बॉक्स पडून होता.

तात्यांनी चर काढले. उरलेलं आलं वाचलं. पोराला मात्र विक्री घटली म्हणून कंपनीचं पत्र आलं. तात्यांना ते कळलं, तशी त्यांनी सगळी भावकी माझ्या दुकानात पिटाळली. "त्या चरवाल्या पोराला इचारा, आन त्यो घ्या म्हनंल तेच घ्या." बघता बघता माझं कपाट रिकामं झालं, आणि तालुक्यात त्या कंपनीचा माल सगळ्यांत जास्त खपला.

परवा त्याचा फोन आला. कंपनीने त्याला मुंबईच्या मेळाव्यात 'ग्राहकांशी अस्सल नातं' या विषयावर अर्धा तास बोलायला सांगितलं होतं. बिचारा घाबरला होता. "काका, अर्धा तास काय बोलू?"

मी म्हटलं, "चर कसा काढायचा ते सांग. आणि वेळ उरला तर उतार कुठल्या बाजूला ठेवायचा तेही सांग."