पडत्या भावातला उमेदवार

एखाद्या अब्जाधीशाने एखाद्या पुढाऱ्याला पैसे दिले की आपण मध्यमवर्गीय माणसं लगेच त्यामागचं तत्त्वज्ञान शोधायला बसतो. पैसे देणाऱ्याला बहुधा एवढी फुरसत नसते. पीटर थील यांच्या बाबतीत तर हा उद्योग २०१६ पासून अखंड चालू आहे. ‘थील यांनी ट्रम्पना पाठिंबा का दिला?’ या एका प्रश्नावर अमेरिकेतल्या किती प्राध्यापकांची, पत्रकारांची आणि चरित्रकारांची चूल पेटते, याची गणती व्हायला हवी. प्रचारात रोजगाराची आश्वासनं पुष्कळ दिली गेली होती. त्यातलं हे एक तरी नक्की पुरं झालं.

प्रसंग थोडक्यात असा. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांची एक जुनी ध्वनिचित्रफीत बाहेर आली. बायकांच्या अंगाला आपण कसा बिनदिक्कत हात घालतो, याची फुशारकी ते त्यात मारत होते. मतदान महिन्यावर आलेलं. त्यांच्याच पक्षातले पुढारी पाठिंबा काढून घेण्यासाठी एकमेकांना ढकलत दाराकडे धावले. अशा वेळी, आठवडा उलटतो न उलटतो तोच बातमी आली की ‘पेपाल’चे सहसंस्थापक आणि ‘फेसबुक’चे पहिले बाहेरचे गुंतवणूकदार पीटर थील ट्रम्प यांच्या प्रचारासाठी साडेबारा लाख डॉलर देणार. सिलिकॉन व्हॅलीला भोवळ आली. मग सावरून ती खुलासे शोधू लागली.

पहिला खुलासा तत्त्वज्ञानाचा. थील स्टॅनफर्डला तत्त्वज्ञान शिकले, तिथल्या रेने जिरार या विचारवंताचे ते भक्त. माणसाला स्वतःची अशी इच्छा नसते, शेजाऱ्याला जे हवं तेच त्याला हवंसं वाटतं, हे जिरार यांचं सूत्र. शेजारी सगळे हिलरी क्लिंटन यांच्या मागे, म्हणून शिष्य दुसरीकडे गेला.

दुसरा खुलासा स्वातंत्र्याचा. स्वातंत्र्य आणि लोकशाही यांचा मेळ बसतो यावर आता आपला विश्वास उरलेला नाही, असं थील यांनी २००९ मध्येच एका निबंधात लिहून ठेवलं होतं. लोकशाहीवरचा विश्वास उडालेला माणूस निवडणुकीला देणगी देतो, यातला अंतर्विरोध जाणकारांनी फार गंभीरपणे उलगडून दाखवला आहे. आम्हाला त्यात अंतर्विरोध दिसला नाही. ज्या वस्तूला आपण मान देत नाही तिची किंमत करणं सोपं जातं.

तिसरा खुलासा देशप्रेमाचा. तो स्वतः थील यांनीच त्या ऑक्टोबरच्या अखेरीस वॉशिंग्टनला राष्ट्रीय पत्रकार मंडळापुढे दिला. चुकीचे व्यापार करार, न संपणारी युद्धं, सामान्य माणसाचा खुंटलेला पगार. मुद्दे बिनतोड होते. फक्त त्याच हंगामात त्यांनी आधी दुसऱ्या इच्छुक कार्ली फिओरिना यांच्यासाठी २० लाख डॉलर लावले होते, म्हणजे ट्रम्पपेक्षा जास्तच. फिओरिनाबाई लवकर गळाल्या. देशप्रेम मात्र गळालं नाही, ते पुढच्या उमेदवाराकडे वर्ग झालं.

आमचा खुलासा चौथा आहे आणि त्याला विद्वत्ता लागत नाही. माणूस व्हेंचर कॅपिटलवाला आहे. त्याने व्हेंचर कॅपिटल केलं.

या धंद्याची रीत अशी: दहा कंपन्यांत पैसे टाकायचे, बऱ्याचशा बुडणार हे धरूनच चालायचं. बुडाल्या तर टाकले तेवढेच जातात. एखादी लागली तर बाकी सगळ्यांचं नुकसान धुऊन निघतं आणि वर बेट विकत घेता येतं. २००४ मध्ये थील यांनी ‘फेसबुक’मध्ये पाच लाख डॉलर टाकले. २०१२ मध्ये बहुतेक शेअर विकले तेव्हा हातात शंभर कोटी डॉलरच्या वर आले. ‘गॉकर’ या संकेतस्थळाने त्यांच्या खासगी आयुष्याविषयी लिहिलं होतं, त्याचा हिशेबही असाच चुकता झाला. हल्क होगन या कुस्तीवीराने ‘गॉकर’वर भरलेल्या खटल्याला थील यांनी गुपचूप कोटीभर डॉलर पुरवले. मार्च २०१६ मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली आणि ‘गॉकर’ला टाळं लागलं. दुसऱ्याच्या अंगावरची लढाई आपल्या पैशाने लढवायची, ही कला त्याच वर्षी सिद्ध झाली होती. तीच पुढे निवडणुकीत वापरली.

आता किंमत पाहा. साडेबारा लाख डॉलर म्हणजे त्या वेळचे सव्वाआठ कोटी रुपये. आकडा आपल्याला मोठा वाटतो, कारण तो आपल्याला द्यायचा नसतो. ‘फोर्ब्स’च्या हिशेबाने थील यांची मालमत्ता तेव्हा २७० कोटी डॉलर होती. एक कोटीची इस्टेट असलेल्या पुणेकराने गणपतीला साडेचार हजारांची वर्गणी द्यावी, तेवढीच ही रक्कम. त्या पावतीवर पुणेकराला फार तर एका संध्याकाळच्या आरतीचा मान मिळतो. थील यांना सत्तांतर समितीच्या कार्यकारिणीत जागा मिळाली.

आणि भाव पडला होता म्हणून ती मिळाली. क्लिंटन यांच्या दारात व्हॅलीतले सगळे पैसेवाले उभे होते. तिथे साडेबारा लाख डॉलर दिले असते तर आभाराचं छापील पत्र आलं असतं. ट्रम्प यांच्या दारात मात्र शुकशुकाट. स्पर्धा ही हरणाऱ्यांसाठी असते, मक्तेदारी करा, असं थील आपल्या पुस्तकातून तरुणांना सांगत आले आहेत. त्या चित्रफितीनंतरच्या आठवड्यात ट्रम्प यांना पैसे देणारा तंत्रज्ञानवाला म्हणून त्यांनी जी मक्तेदारी उपभोगली, तिला तोड नव्हती. १४ डिसेंबर २०१६ ला ट्रम्प टॉवरमध्ये अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक या सगळ्यांचे बडे अधिकारी चेहरे पाडून टेबलाभोवती बसले. नियोजित अध्यक्षांच्या शेजारी बसले होते थील, आणि अध्यक्ष कॅमेऱ्यांसमोर त्यांचा हात प्रेमाने थोपटत होते. एवढा परतावा शपथविधीआधीच देणारी कंपनी वॉल स्ट्रीटवर नाही.

मग उमेदवाराची मतं? त्यांचं काय? गुंतवणूकदार कंपनीचं उत्पादन घरी वापरतोच असं नाही. जुलै २०१६ मध्ये क्लीव्हलंडच्या रिपब्लिकन अधिवेशनात थील यांनी व्यासपीठावरून आपण समलिंगी आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याच अधिवेशनाने मंजूर केलेल्या जाहीरनाम्यात समलिंगी विवाहाला विरोध होता. जाहीरनाम्यातलं प्रत्येक कलम आपल्याला मान्य आहे असं नाही, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. जाहीरनामा मतदारासाठी असतो, एवढं दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

सरकारशीही त्यांचं नातं असंच मोकळं आहे. सरकारच्या कचाट्यातून सुटण्यासाठी समुद्रावर तरंगती गावं वसवण्याच्या कल्पनेला त्यांनी पैसे दिले. दरम्यान त्यांची ‘पॅलन्टिर’ ही कंपनी सीआयएच्या गुंतवणूक शाखेचंही भांडवल घेऊन वाढली. २०१६ मध्ये तिने अमेरिकी लष्कराला कोर्टात खेचलं, कारण लष्कर तिचा माल घ्यायचं टाळत होतं. कंपनी जिंकली. २०२५ मध्ये त्याच लष्कराने तिच्याशी १,००० कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. मध्यमवर्गीयांनी म्हातारपणासाठी चार पैसे साठवावेत म्हणून अमेरिकी सरकारने ‘रॉथ’ नावाची करमुक्त योजना काढली आहे. ‘प्रोपब्लिका’ने २०२१ मध्ये उघड केलं की थील यांनी या खात्यात १९९९ मध्ये ‘पेपाल’चे १७ लाख शेअर १,७०० डॉलरना ठेवले आणि वीस वर्षांत खात्यात ५०० कोटी डॉलर झाले. सारं कायद्यात बसणारं. शिवाय सगळंच फसलं तर सोय असावी म्हणून २०११ मध्ये न्यूझीलंडचं नागरिकत्वही घेऊन ठेवलेलं. त्यासाठी त्या देशात तोवर एकूण १२ दिवस राहावं लागलं होतं. सरकार कमी हवं म्हणणाऱ्या माणसाने निदान दोन तरी बाळगावीत.

पुढे ट्रम्प नावाच्या या गुंतवणुकीत त्यांचा जीव रमेना. कारभार आपल्या अंदाजापेक्षा वेडाबागडा निघाला, असं त्यांनीच नंतर बोलून दाखवलं. पण धंदेवाला एका कंपनीवर रुसतो, धंद्यावर नाही. २०२२ मध्ये त्यांनी सिनेटसाठी दोन तरुण उभे केले आणि दोघांमागे प्रत्येकी दीड कोटी डॉलरच्या घरात रक्कम लावली. ॲरिझोनात ब्लेक मास्टर्स पडले. ओहायोत जे. डी. व्हान्स निवडून आले. व्हान्स पूर्वी थील यांच्याच एका कंपनीत नोकरीला होते आणि २०१६ मध्ये स्वतःला ट्रम्पविरोधक म्हणवून घेत होते. थील त्यांना ट्रम्प यांच्याकडे घेऊन गेले, जुनं विसरलं गेलं. जानेवारी २०२५ पासून व्हान्स अमेरिकेचे उपाध्यक्ष आहेत. दोनांतला एक बुडाला, दुसरा अध्यक्षपदापासून एका पायरीवर. हिशेबनिसाने तक्रार करावी असं यात काही नाही.

२०२४ पर्यंत ट्रम्प या शेअरची बातमी फुटली. व्हॅलीतले गुंतवणूकदार डेव्हिड सॅक्स यांनी ६ जूनला सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या घरी पंगत मांडली, ताटाचा दर ५० हजारांपासून ३ लाख डॉलरपर्यंत. जानेवारी २०२१ मध्ये संसदेवर जमाव चालून गेला तेव्हा ट्रम्प राष्ट्रीय राजकारणातून बाद झाले, असं म्हणणारे ते हेच सॅक्स. मार्क अँड्रीसन आणि बेन हॉरोविट्झ या व्हेंचर कॅपिटलवाल्या जोडीने जुलैत पाठिंबा जाहीर केला. न विकलेल्या शेअरच्या वाढीव किमतीवर कर लावण्याचा बायडेन यांचा प्रस्ताव आपल्याला फार लागला, हे अँड्रीसन यांनी प्रांजळपणे सांगितलं. ऑक्टोबरात हॉरोविट्झ यांनी मैत्रीखातर कमला हॅरिस यांनाही देणगी देत असल्याचं कळवलं. तत्त्वाला चिकटणारे पुष्कळ असतात, दोन्ही तत्त्वांना चिकटायला भांडवल लागतं. बिटकॉइन आपल्याला आवडत नाही असं २०१९ मध्ये म्हणणारे ट्रम्प आता अमेरिकेला क्रिप्टोची राजधानी करायला निघाले. आणि विजेच्या गाड्या विकणाऱ्या इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. जून २०२५ मध्ये त्यांचं अध्यक्षांशी जाहीर भांडण झालं आणि सप्टेंबरअखेर विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरची करसवलतही गेली. चढत्या भावात घेतलेल्या मालाचं असंच होतं.

थील यांनी त्या निवडणुकीत ट्रम्पना एक डॉलरही दिला नाही. डोक्याला बंदूक लावलीत तर मत देईन, एवढंच ते म्हणाले. भक्तांना हे वैराग्य वाटलं. आम्हाला साधी धंद्याची शिस्त वाटली.

राहता राहिला प्रश्न बुडीत खात्याचा. जून २०२४ मध्ये सॅक्स यांच्या मित्रमंडळींच्या पॉडकास्टवर ट्रम्प म्हणाले होते की अमेरिकेत पदवी घेणाऱ्या परदेशी मुलांना पदवीबरोबर ग्रीन कार्डच द्यायला हवं. हिंजवडीपासून ह्यूस्टनपर्यंतच्या मराठी घरांत ते ऐकून पेढे नसले तरी फोन झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं. यजमानांच्या अंगणाला त्याची झळ लागल्याचं ऐकिवात नाही. गुंतवणूकदाराचा तोटा त्याने लिहिलेल्या धनादेशाएवढाच असतो. त्यापलीकडचा तोटा वाटून घेण्याचा हक्क लोकशाहीने सर्वांना समान दिला आहे, आणि त्यासाठी अमेरिकेचं नागरिक असण्याचीही अट नाही.