प्लस कुठला?

आमच्या काकूला कुठलंही कापड दाखवा. ती पोत बघत नाही, भाव विचारत नाही. उलटं करून चाचपते आणि म्हणते, “ह्यात सेल बसेल.”

सेल म्हणजे २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा, रुपयापेक्षा जरा लहान. पुतणीच्या शाळेतल्या प्रोजेक्टमधून उरलेलं वीज वाहणाऱ्या धाग्याचं रीळ काकूच्या हाती लागलं, तेव्हापासून घरात सरळ कापड राहिलेलं नाही. तोरण लुकलुकतं, उशीचा अभ्रा लुकलुकतो, गौरीच्या पदरावर चांदण्या. धागा स्टेनलेस स्टीलचा, करडा, ओवताना टोक विसकटून जीव काढणारा. पण चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई ती, धाग्याला भीक घालत नाही.

कपड्यावर शिवता येणारा लिलीपॅड नावाचा बोर्ड अमेरिकेतल्या लीया बीकली यांनी बनवला आणि तो २००७ मध्ये बाजारात आला. काकू त्यांना ‘आपली लीया’ म्हणते. जणू दोघी दादरला एकाच शिवणक्लासात होत्या.

मदतीला बसलात की पहिला प्रश्न, “प्लस कुठला?” दिव्याचा लांब पाय प्लस. तो पकडीने गोल वळवायचा, आखूड पाय चौकोनी, म्हणजे शिवल्यावर घोळ नको. मग दोन धावदोरे रुळांसारखे शेजारी-शेजारी, कुठेही न भेटणारे. गाठीचं शेपूट बारीक कापायचं आणि वर नेलपॉलिशचा थेंब. काकूने नखांना कधी नेलपॉलिश लावलेलं मी पाहिलेलं नाही; बाटली मात्र महिन्याला एक संपते.

एकदा मी लाल आणि निळा दिवा एकाच ओळीत लावला. निळा पेटेचना. “लाल दोन व्होल्टवर खूश असतो, निळ्याला तीन लागतात. लाल सगळं स्वतःकडे ओढतो, निळा बसतो रुसून. लाल म्हणजे आपले मोठे भाऊजी.” मोठे भाऊजी म्हणजे माझे बाबा. ते तिथेच पेपर वाचत होते.

चुलतबहिणीच्या साखरपुड्याला काकूने तिच्या ब्लाउजच्या पाठीवर पाच दिवे शिवले. नवरी नमस्काराला वाकली की कापडाला घडी पडायची, प्लस-मायनस चिकटायचे आणि पाठीवर अंधार. उठली की उजेड. घरात वडीलधारी माणसं एकवीस. सासरच्या मंडळींना वाटलं, मुद्दामच केलंय. “काय सेन्सर बसवलाय!” काकूने पदर सावरत ते कौतुक घेतलं. घरी आल्यावर रात्री दीडला उसवायला बसली.

हल्ली मल्टिमीटर आलाय. अस्सल जरीत रेशमावर चांदीची तार गुंडाळलेली असते, म्हणजे त्यातून वीज जाणारच, हे तिच्या लक्षात आलं आणि सोसायटीतल्या साड्या रांगेत आल्या. पीं वाजलं तर धातू; चांदी की तांबं ते सोनाराला विचारा, असं ती प्रामाणिकपणे सांगते. वाजलं नाही तर एकच शब्द, “प्लास्टिक.” तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची लग्नातली साडी गप्प राहिली. वहिनीही तेव्हापासून गप्प आहेत.

परवा आईची पैठणी काठापासून काठापर्यंत वाजली. काकू बराच वेळ काठावरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “धागासुद्धा लागणार नाही गं.”

ती पैठणी सध्या माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली आहे. काकू भेटली तर बोलू नका.