तळेगाव चौकापर्यंत गॅरंटी

साखरपुडा राजगुरुनगरला, आम्ही निघालो निगडीहून, आणि गाडीतली तिसऱ्या रांगेची सीट निघायच्या आधीच अर्ध्यात अडकलेली. बटन दाबलं की मोटर गुरगुरते आणि सीट आपोआप घडी होते, हे त्या गाडीचं मुख्य वैभव. आता घडीही होईना आणि सरळही होईना. पाठ पुढे झुकून थांबलेली. तिथे आत्या बसली. स्पाइन रोडवरच्या प्रत्येक फ्लेक्समधल्या पुढाऱ्याला ती वाकून नमस्कार करत चालली होती. दादा, भाऊ, आबा, कुणालाच वगळलं नाही.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. आमच्या नात्यात नाव घ्यावं अशी कंपनी उरलेली नाही. प्रत्येकीतून कुणाचा तरी पगार येतो.

पिंपरी-चिंचवडचा माणूस परगावी सांगतो, ‘आम्ही मोटारी बनवतो.’ खरं म्हणजे तो एक नग बनवतो. बाकीची मोटार त्याच्या दृष्टीने त्या नगाचं पॅकिंग. मामा टेल्कोतून निवृत्त. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, मामांनी ते अजून मंजूर केलेलं नाही. मेहुणा वायरिंग हार्नेसच्या कंपनीत. वहिनीच्या भावाचं भोसरीला वर्कशॉप, तो स्विचच्या स्प्रिंगा करतो. म्हणजे सीटचे नातेवाईक आमच्या नातेवाइकांपेक्षा थोडेच जास्त होते.

मामांनी फ्यूज काढून उजेडात धरला. हिरवा, 30 अँपिअरचा, धडधाकट. “वायरिंग गेलंय,” मामा म्हणाले.

“आमचा हार्नेस जात नाही,” मेहुणा म्हणाला. “स्विच बघा.”

“स्प्रिंग लाख वेळा दाबून तपासतो आम्ही, दाजी,” मागून आवाज आला. “मोटर बघा.”

मोटरवाला पाहुणा दुसऱ्या गाडीत होता, म्हणून मोशीपर्यंत दोष बिनविरोध मोटरचा ठरला. मेहुण्याने मल्टिमीटर काढला (साखरपुड्याला मल्टिमीटर घेऊन येणारा मेहुणा फक्त आमच्याकडे मिळतो). सीटच्या प्लगवर 12 व्होल्ट पूर्ण. “बघा! करंट येतोय. मोटरच जळली.”

इंद्रायणीचा पूल ओलांडला, कुरुळी मागे पडली आणि आळंदी फाट्याच्या अलीकडे गाडी थांबली. सगळ्यांच्याच थांबल्या. चाकणची कोंडी. 1660 साली शाहिस्तेखानाला चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला दोनेक महिने लागले, फिरंगोजी नरसाळ्याने त्याला असं दमवलं. खानाला तिथला तळेगाव चौक ओलांडायचा नव्हता म्हणून तेवढ्यावर भागलं.

रस्त्याकडेला ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं. गाडी आत घ्यायला जागा नव्हती, तर मिस्त्रीच बाहेर आले आणि गाडीबरोबर चालू लागले. हातात एक साधा इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी.

“मावशी, जरा उतरा. ड्रायव्हर, गिअर पार्कमध्ये. मागचं दार उघडा. त्याशिवाय ही सीट हलायचीच नाही, गाडी चालू असताना कुणाची घडी होऊ नये म्हणून.” म्हणजे तपासणीला गाडी उभी हवी. ही सोय चाकणइतकी सढळ हाताने महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही. गाड्यांची तपासणी करणाऱ्या एआरएआयनेही आपलं एक केंद्र इथेच काढलंय, ते उगाच नाही.

मेहुणा बटन दाबतच होता. “दाबू नका सारखं. मोटर तापली की स्वतःच बंद पडते, मग खरा फॉल्ट लपतो.”

त्यांनी बल्बची एक वायर प्लगच्या पॉझिटिव्हला लावली, दुसरी बॉडीच्या पत्र्याला. लख्ख उजेड. मग दुसरी वायर पत्र्यावरून काढून सीटच्या अर्थिंगला लावली. बल्बने डोळे किलकिले केले.

“पण मीटर 12 दाखवतोय!” मेहुणा.

“मीटर करंट ओढतच नाही, साहेब. गंजलेल्या तारेतूनही त्याला 12 दिसणार. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्याच्यापुढे खोटं टिकत नाही. मोटर तर त्याहून खादाड.”

पुढची रांग हलली. गिअर पार्कमधून निघाला, मिस्त्री आणि आत्या चार पावलं चालले, रांग थांबली, गिअर पुन्हा पार्कमध्ये. कार्पेट उचललं. खाली अर्थिंगचा बोल्ट हिरवागार, भोवती गुलाबी चिकट थर.

“कोकम सरबत,” मिस्त्री वास घेऊन म्हणाले. “मीठ, आंबट, दोन्ही. बोल्ट कसा टिकेल?”

मागच्या उन्हाळ्यात त्या सीटवर कोण बसलं होतं ते सर्वांना ठाऊक होतं. आत्या मार्केट यार्डाकडे निघालेल्या ट्रकमधले कांदे फारच बारकाईने बघू लागली.

सँडपेपर मारला, बोल्ट आवळला, वर ग्रीस. बटन दाबलं आणि सीट गुरगुरत ताठ झाली. हार्नेस, स्विच, मोटर, तिन्ही घराणी निर्दोष सुटली, मामा मात्र “शेवटी वायरिंगच ना!” म्हणत राहिले.

पैसे खिडकीतून दिले. मेहुण्याने सवयीने विचारलं, “गॅरंटी काय?”

मिस्त्रींनी पुढच्या कंटेनरांच्या रांगेकडे पाहिलं. “तळेगाव चौकापर्यंत.”

“एवढीच?”

“साहेब, रात्रीचं दुकान बंद करायला लागेल मला.”