रिपोर्ट मॉड्यूलच्या अज्ञात रचनाकारांस खुले पत्र

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

मार्चअखेर आली, ‘ग्राहकनिहाय खातेउतारा’ पीडीएफमध्ये काढायची वेळ झाली, की आपली आठवण अनावर होते. बटण दाबावं, डबा खाऊन यावं, तरी चक्र फिरतंच असतं. ऑफिसात सगळे पीडीएफच्या नावाने बोटं मोडतात. परवा लॉग उघडून बसलो आणि कळलं, की ती बिचारी निर्दोष आहे. वेळ तिच्या जन्माच्या आधीच गेलेला असतो.

काय तो आपला लाघवी स्वभाव! व्यवहाराची एक ओळ हाती आली की आपला प्रोग्राम डेटाबेसकडे जातो आणि ग्राहकाचं नाव विचारून येतो. पुढची ओळ त्याच ग्राहकाची असली तरी पुन्हा जातो, पुन्हा तेच नाव विचारतो. ओळी पन्नास हजार, तर खेपाही पन्नास हजार. एक जॉइन लावला असता तर सगळी नावं एका दमात आली असती. पण मग डेटाबेसशी एवढा घरोबा कुठून झाला असता?

तारखेच्या कॉलमवर इंडेक्स आहे, हे आपल्याला ठाऊक असावं. कारण तो निकामी करण्याची युक्ती आपण नेमकी शोधलीत. अटीत तारखेवरच फंक्शन चढवून आधी वर्ष काढायचं आणि मग ते जुळतंय का पाहायचं. साहजिकच साधा इंडेक्स बाजूला पडतो आणि वर्षानुवर्षांचं अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून चाळलं जातं. ‘१ एप्रिलपासून पुढे, पुढच्या १ एप्रिलच्या आत’ अशी सरळ अट लिहिणं बहुधा आपल्या प्रतिष्ठेला शोभलं नसतं. एक्सप्लेन चालवून पाहण्याचा सल्ला देण्याची माझी प्राज्ञा नाही.

मग मांडणी. सगळ्या ओळी आधी मेमरीत कोंबायच्या, त्यांचं एचटीएमएलचं एकच अजस्र टेबल करायचं आणि ते हेडलेस क्रोमच्या गळ्यात मारायचं. रकान्यांची रुंदी आपण ठरवून दिलेली नाही. त्यामुळे शेवटच्या ओळीतलं नाव मोजून होईपर्यंत पहिल्या पानावरचा रकाना किती रुंद, हे त्या क्रोमला ठरवता येत नाही. ‘टेबल-लेआउट : फिक्स्ड’ आणि रुंदीचे चार आकडे, एवढं लिहायचं होतं. खरं तर पीडीएफमध्ये कोणती वस्तू कितव्या बाइटला आहे याची यादी फाइलच्या शेवटी ठेवता येते. म्हणजे पान झालं की लिहून मोकळं व्हायची सोय १९९३पासून आहे. ती वापरलीच पाहिजे असं कुठे आहे?

एका बाबतीत मात्र आपल्याला मनापासून मानतो. आधीची हलकीफुलकी लायब्ररी झपाट्याने पानं काढायची, पण ‘विभाग’चा ‘वभिाग’ करायची. क्रोम जड असला तरी वेलांटी जागेवर ठेवतो. तेवढ्यासाठी थोडं थांबायची माझी तयारी आहे. अर्धा तास नव्हे.

कारण एनजिनएक्सला एवढा धीर नाही. त्याची मूळ सेटिंग बदलली नसेल तर ६० सेकंद उत्तराची चाहूल न लागल्यावर तो ५०४चा फलक लावतो. माणूस पुन्हा बटण दाबतो. मागची क्वेरी चालूच असते, तिच्या जोडीला दुसरी सुरू होते. काम रांगेत टाकून ‘तयार झाल्यावर लिंक मिळेल’ म्हणता आलं असतं. त्याऐवजी मेमरी दुप्पट करण्याचा प्रस्ताव वर गेला आहे आणि तो मंजूर होणार, असं ऐकतो.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
रांगेतला एक

ता. क. फाइल अखेर निघाली. साहेबांनी ती उघडली, थेट शेवटच्या पानावर गेले, एकूण बेरीज पाहिली आणि म्हणाले, “छान. हेच एक्सेलमध्ये मिळेल का?”