दहावीचं दत्तकविधान

बोर्डाची परीक्षा जवळ आली की सोलापुरातल्या शाळांत दत्तकविधानं निघतात. मूल चांगलं पंधरा वर्षांचं, मिसरूड फुटलेलं. 'अप्रगत' शिक्का बसलेल्यांची यादी होते आणि एकेका सरांच्या पदरात पाच-पाच पडतात. हल्ली 'दत्तक पालक' जुनं वाटतं म्हणून 'मेंटॉर' म्हणतात. काम तेच, फक्त इस्त्री केलेलं.

एका शाळेतली दत्तक वही पाहिली. 'केलेले उपाय' या रकान्यात पहिल्या ओळीला 'जादा सराव घेतला' आणि खाली थेट शेवटपर्यंत 'वरीलप्रमाणे'. तीन महिन्यांच्या तारखा, पेन एकच, बैठक एकच. सरांना बोल लावावा, तर ते मतदारयादी घेऊन उन्हात फिरत होते. दत्तक वहीतल्या एका मुलीच्या घरी जाऊनही आले होते म्हणे, बीएलओ म्हणून. ती अठराची नसल्यामुळे विषय निघाला नाही.

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातल्या अर्नेस्ट कूल्टर नावाच्या कारकुनानं गावातल्या मोठ्या माणसांना गळ घातली, की प्रत्येकानं एका वाट चुकलेल्या पोराशी दोस्ती करा. पुढे त्यातूनच 'बिग ब्रदर्स' चळवळ झाली. तिकडे कारकुनाचा मेंटॉर झाला. इकडे मेंटॉरचा कारकून.

तर ती मुलगी. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गणितात नापास. आई विड्या वळते, हिशेब हिच्याकडे. पंचवीस विड्यांचा कट्टा, हजाराचे चाळीस कट्टे, त्यात छाट किती जाईल, मजुरी किती उरेल, हे ती कागद न घेता सांगते. वहीत तिच्यापुढे लिहिलंय, 'शेकडेवारी: संबोध स्पष्ट नाही.'

छाट म्हणजे कारखान्यात नापास झालेली विडी. वळायचे कष्ट झाले, पैसे नाहीत. काही शाळांचीही छाट असते. नववीतच पालकांना बोलावून गोडीगुलाबीनं 'सतरा नंबरचा फॉर्म भरा' म्हणतात. पोरगं खासगी विद्यार्थी म्हणून बसतं, बुडालं तर आपल्या नावावर बुडतं आणि शाळेच्या फाटकावर 'निकाल १०० टक्के'चा फ्लेक्स झळकतो.

मी तिला विचारलं, ''तुझे दत्तक पालक कोण गं?''

ती घाबरून आईकडे बघायला लागली.