डब्याला ओळख पटेना

बापलेकाच्या भांडणाचा निकाल रोहिणखेडात एकदा लागलेला आहे, हे मोताळा तालुक्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीवर इस्माईल निजामशाह नावाचा पोरगा बसवलेला होता आणि कारभार जमालखान पाहत होता. पोराचा बाप बुऱ्हाण जिवंत होता, धडधाकट होता, आणि गादीवर हक्क आपलाच, असं त्याचं म्हणणं होतं. 1591 च्या सुमारास रोहिणखेडला फौजा भिडल्या. जमालखान पडला, इस्माईल हाती लागला, बाप गादीवर बसला. आता सव्वाचारशे वर्षांनंतर त्याच गावात बाप खाटेवर बसलेला आहे, खातं पुण्याच्या पोराच्या नावावर आहे, आणि मधला जमालखान म्हणजे टीव्हीखालचा काळा डबा. लढाई पुन्हा लागली आहे. या खेपेला बाप हरतोय.

झालं असं, की पोरगा दिवाळीला आला, इंटरनेटवरच्या टीव्हीचा डबा लावून गेला, वर्षाची वर्गणी स्वतःच्या फोनवरून भरून गेला. चार महिने डबा शहाण्यासारखा चालला. मग एका संध्याकाळी, नाणेफेक झाल्यावर, पडद्यावर पाटी आली: या उपकरणाची ओळख पटलेली नाही, फोनवरून अमुक पत्त्यावर जा आणि खालचा कोड टाका. पाटी अर्थात इंग्रजीत होती. शेजारच्या बारावीतल्या पोरानं ती वाचून दाखवली तेव्हा बाप म्हणाला, “भिंतीले खिळा म्या ठोकला, बिल माह्या पोरानं भरलं, अन् हा मलेच पुसते का तू कोण?”

शेजारचा पोरगा म्हणाला, “आबा, तो तुमाले नाही पुसत. तो सोताचंच पुसून राह्यला.”

या वाक्यात अख्खी यंत्रणा आली. कंपनीच्या मदतकेंद्राला इतकं नेमकं कधी सांगता आलेलं नाही. तिथून फक्त ‘आपल्या संयमाबद्दल धन्यवाद’ असं ऐकू येतं, तेही संयम संपल्यावर.

केबलच्या काळात ग्राहकाची ओळख पटवण्याचं काम खांबावर चढलेला पोरगा करायचा. त्यानं तार जोडली की तुम्ही ग्राहक, कापली की नाही. फुकट्यांचा आकडाही त्याच खांबावर, पण तो कुणाचा हे त्याला माहीत असे आणि दसऱ्याला तो वसुलीही करी. मग 2011 साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली, मोठ्या शहरांपासून टप्प्याटप्प्यानं डबे सक्तीचे झाले आणि खेड्यापाड्यांसाठी 31 मार्च 2017 ही शेवटची तारीख ठरली. डब्याला नंबर आला, डब्यातल्या कार्डाला नंबर आला, आणि चोरून चित्रण करणारा सापडावा म्हणून तो नंबर ऐन सामन्यात पडद्याच्या मधोमध झळकू लागला. चोर किती सापडले देव जाणे. षटकातला शेवटचा चेंडू मात्र हटकून नंबरामागे गेला.

इंटरनेटच्या टीव्हीत खांबावरचा पोरगाही गेला. म्हणून कंपनी थेट डब्यालाच विचारते, तू कोण? डब्याच्या पोटात कारखान्यातच घातलेला एक क्रमांक असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. बारा अक्षरांचा. पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची सहा त्या नगाची; म्हणजे आडनाव आधी आणि नाव मागून, मतदार यादीत असतं तसं. माणसाचा आधार क्रमांकही बारा अंकांचाच. देशातला पहिला आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ओळखीचा प्रश्न मिटला. मिटला तो डब्याचा. कापूस वेचून त्याचे ठसे झिजत नाहीत, रेशनच्या मशीनवर त्याला तीन बोटं बदलून पाहावी लागत नाहीत, आणि केवायसीसाठी त्याला कुणी रांगेत उभं करत नाही.

फोन तर डब्याहून बेरकी निघाला. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून फोन दर नव्या वायफायला वेगळाच, मनाचा मॅक पत्ता सांगतो. वर्षभरानं आयफोनही तेच शिकला. कारण काय, तर त्याच्यावर पाळत ठेवता येऊ नये. थोडक्यात, खोटं नाव सांगण्याचा हक्क फोनला आहे. त्याच फोनवर ओटीपी आल्याशिवाय खरं नाव सांगणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र टॉसनंतरचा सामना नाही.

आता कोडची भानगड. डब्याला कीबोर्ड नसतो, रिमोटनं एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकायचा म्हणजे डाव संपेल. म्हणून टीव्हीनं छोटा कोड दाखवावा आणि माणसानं तो फोनवर टाकावा, अशी युक्ती निघाली. युक्ती चांगली आहे, हे कबूल केलं पाहिजे. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी ऑगस्ट 2019 मध्ये 8628 क्रमांकाचं नियमपत्र काढून तिला रीतसर रूप दिलं. शासन निर्णयाच्या मानानं ते वाचनीय आहे. त्यात सुचवलंय की कोडमध्ये स्वर नसावेत, फक्त वीस व्यंजनं वापरावीत, म्हणजे चुकून एखादा वावगा शब्द तयार होऊन ग्राहक दुखावायचा नाही. केवढी ही काळजी! इंग्रजी शिवीला स्वर लागतो. वऱ्हाडी शिवीला फक्त कारण लागतं, आणि ते पडद्यावर आठ अक्षरांत लिहिलेलंच असतं.

नियमपत्रातला नमुन्याचा कोड आहे ‘डब्ल्यूडीजेबी-एमजेएचटी’. असा कोड रोहिणखेडहून पुण्याला फोनवर सांगायचा असतो, कारण खातं पोराचं, पासवर्ड पोराचा, ओटीपीही पोरालाच.

“पहिलं अक्षर काय आहे बाबा?”

“उलटा एम.”

“अन् मधल्या रेघेनंतरचं?”

“उलट्या एमचा उलटा.”

पोरगा इंजिनिअर आहे म्हणून त्याला हे कळतं. तोवर डबा गप्प बसलेला नसतो. तो दर पाच सेकंदांनी मुख्यालयाला विचारत राहतो, झालं का? नकाराची मुख्यालयाकडे ठरलेली चार उत्तरं आहेत. पहिलं, प्रकरण प्रलंबित आहे. दुसरं, इतक्या घाईनं विचारू नका. हे ऐकलं की डब्यानं दोन खेपांमधलं अंतर आणखी पाच सेकंदांनी वाढवायचं. तिसरं, नामंजूर. चौथं, मुदत संपली, नव्यानं अर्ज करा. हे नियमपत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी आपल्याकडे सात-बाऱ्यावर वारसाची नोंद लावायला आलं होतं, असा पुरावा नाही. तरी चारही उत्तरं जशीच्या तशी उतरली आहेत. प्रतिभा म्हणतात ती हीच.

त्याच कागदात एक इशाराही आहे: लांब बसलेला कुणी ठग तुम्हाला आपला कोड देऊन तो तुमच्याकडून मंजूर करून घेऊ शकतो, सांभाळा. तेव्हा बाप रोहिणखेडहून अक्षरं सांगतो आणि पोरगा पुण्यात ती टाकतो, हा प्रकार नियमाच्या नजरेत फसवणुकीच्या फोनहून वेगळा दिसत नाही. बापाला जामताऱ्याच्या फोन-ठगांच्या रांगेत बसवून टाकणारं तंत्रज्ञान निदान प्रामाणिक तरी आहे. ते तोंडावर सांगतं.

कुणी म्हणेल, उपकरणाची ओळख पटवणं हे नवीन कलियुग आहे. तसं अजिबात नाही. आमच्या आधीच्या पिढीला रेडिओचं लायसन होतं. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. पुढे टीव्हीलाही तेच आलं, आणि 1980 च्या दशकात ते बंद झालं. लायसन माणसाचं नसे, संचाचं असे. पण एकदा शिक्का बसला की त्या संचापुढे कोण बसलंय, हे पोस्टमास्तर विचारत नसे. 25 जानेवारी 1987 च्या रविवारी ‘रामायण’ सुरू झालं आणि गावात ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे अर्धी आळी जमू लागली. तिथे प्रवेशाची अट एकच, चपला बाहेर काढणे. एकाच वेळी किती पडदे, असं कुणी मोजलं नाही. मोजायचंच झालं असतं तर एका पडद्यामागे किती माणसं, हे मोजावं लागलं असतं.

आता मोजतात ते घर. पासवर्ड दुसऱ्याला देणं हेच प्रेम, असं नेटफ्लिक्सनं 10 मार्च 2017 रोजी आपल्या अधिकृत खात्यावरून जगाला सांगितलं होतं. 20 जुलै 2023 रोजी त्याच कंपनीनं भारतात कळवलं की खातं एका घरापुरतंच आहे. प्रेमाची मुदत सहा वर्षं आणि काही महिने भरली. प्रेमविवाहांच्या मानानं वाईट नाही. आणि घर म्हणजे काय? तर ज्या इंटरनेट जोडणीवर टीव्ही चालतो ती जोडणी, आणि तिच्यावर असलेली इतर उपकरणं. बाहेरगावी असाल तर तात्पुरता कोड मागा, तो पंधरा मिनिटांत वापरा. बाकीच्या कंपन्यांच्या अटी थोड्या इकडेतिकडे असतील, पण घराची व्याख्या राउटरपाशी सुरू होऊन राउटरपाशीच संपते.

ही व्याख्या ज्यानं कुणी केली त्यानं घाटाखालचं एकही घर पाहिलेलं नाही. इथलं घर म्हणजे आई-बाप रोहिणखेडात, थोरला पुण्यात कंपनीत, धाकटा संभाजीनगरला परीक्षेच्या क्लासला, लेक दिलेली मलकापूरला. दिवाळीला सगळे एका छताखाली येतात, तेव्हा कंपनीच्या लेखी ते एक कुटुंब होतात. भाऊबीज झाली की पुन्हा परके. रेशनकार्डात नाव एकत्र आहे, देव एकत्र आहेत, सोसायटीचं कर्ज तर फारच एकत्र आहे. पण डब्याला यातलं काही मान्य नाही. त्याचं म्हणणं, थोरल्याच्या घरी त्याच्याच खोलीत राहणारा भाडेकरू मित्र हा कुटुंबीय, कारण तो त्याच वायफायवर आहे, आणि जन्मदाता बाप हा संशयित.

पासवर्ड गावभर वाटणारे फुकटे आहेत, हे खरं. एका वर्गणीवर अख्खं वसतिगृह मालिका बघतं, हेही खरं. त्यांना अडवायला कुणाची हरकत नाही. मालिका काढणाऱ्यालाही पोट आहे. पण फुकटा आणि बाप यांच्यातला फरक कळायला बारा अक्षरांचा पत्ता पुरत नाही, आणि तो फरक कळत नसताना संशयाचा फायदा दरवेळी कंपनीलाच का? पैसे तर आधीच घेतलेले आहेत, तेही वर्षाचे, परतावा नाही या अटीवर.

रोहिणखेडच्या बापानं आपल्यापुरता मार्ग काढला. कोडची मुदत दुसऱ्यांदा संपल्यावर तो उठला आणि दोन घरं सोडून असलेल्या छपरीवजा घरात जाऊन बसला. तिथे दूरदर्शनची फ्री डिश आहे. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली, तिला महिन्याची वर्गणी नाही, ती कोण कुठल्या वायफायवर आहे हे विचारत नाही, आणि वारा आला की छत्री थोडी हलवून घ्यावी लागते, एवढाच काय तो तिचा संशयखोरपणा. सामना तिथे नव्हताच. जुना चित्रपट लागला होता, तो त्यानं शेवटपर्यंत पाहिला. पुण्याचा पोरगा रात्री अकराला फोन करून सांगत होता की कोड टाकलाय, डबा सुरू झालाय, आपण जिंकलो. बाप म्हणाला, “बरं झालं. त्याले सांग आता, येकटाच पाह्य.”

कंपन्यांना सुचवायचं आहे ते असं. आमच्याकडे भावाभावांत वाटण्या होतात, शेताचे तुकडे पडतात, पण विहीर एकच असते. ती कुणा एकाच्या गटात असली तरी सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बाकीच्यांचा हिस्सा लिहिला जातो, पाण्याच्या पाळ्या ठरतात, आणि कोर्टातसुद्धा ते चालतं. भाऊ पुण्याला राहायला गेला म्हणून पाण्यावरचा हक्क बुडत नाही, आणि मोटर सुरू करायला त्याला फोनवर कोड मागावा लागत नाही. तलाठ्याला जमलेली ही गोष्ट शेकडो अभियंते पदरी असलेल्या कंपनीला अवघड जाऊ नये. वर्गणी भरताना एकदाच विचारा, आई-बाप कुठल्या गावी असतात? तिथला डबा ‘इतर हक्कां’त चढवा, आणि मग त्याला पुन्हा नाव-गाव विचारू नका. पाटी दाखवणं इतकंच जरुरीचं असेल, तर ती मराठीत दाखवा आणि नाणेफेकीच्या आधी दाखवा.